वरातीमागून घोडें नको

एखादें कुटुंब नवें घर बांधावयास काढतें, तेव्हां पाया खणण्यापूर्वीं घरांतील वडीलधारी मंडळी कांहीं प्रश्न हटकून विचारतात. पावसाचें पाणी कोणत्या बाजूनें वाहतें? विहिरीचा झरा कोठून येतो? शेजाऱ्याचा उजेड आणि वारा अडणार तर नाहीं ना? हे प्रश्न विचारणारांस घरच नको आहे, असें कोणी म्हणत नाहीं. घर टिकावें, राहणारांस सुख लागावें आणि शेजाराशीं वैर होऊं नये, एवढ्याचसाठीं ते विचारलेले असतात. परंतु हेंच बांधकाम एका कुटुंबाचें न राहतां धरणाचें, खाणीचें किंवा विमानतळाचें होतें, तेव्हां हे प्रश्न कोणीं आणि केव्हां विचारावयाचे? याचें पद्धतशीर उत्तर देण्याचा जो प्रयत्न, त्यास ‘पर्यावरणीय आघात-मूल्यांकन’ असें नांव मिळालें आहे.

नांव बोजड असलें तरी कल्पना सोपी आहे. नियोजित कामामुळें तेथील हवा, पाणी, जमीन, वनस्पति, प्राणी आणि माणसांची उपजीविका यांवर कोणते परिणाम होतील, ते टाळतां किंवा सौम्य करतां येतील काय, आणि तोच हेतु साधणारा दुसरा एखादा मार्ग आहे काय, याचा काम सुरू होण्यापूर्वीं लेखी विचार करणें, म्हणजे हें मूल्यांकन. या व्याख्येंतील सर्वांत महत्त्वाचा शब्द ‘पूर्वीं’ हा होय. तो गळला, तर मागें उरतो तो कागदांचा भारा.

या विचारास कायद्याचें रूप प्रथम अमेरिकेंत मिळालें. तेथील राष्ट्रीय पर्यावरण धोरणाच्या कायद्यावर राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनीं १ जानेवारी १९७० रोजीं सही केली. मध्यवर्ती सरकारच्या हातून पर्यावरणावर मोठा परिणाम करणारें कोणतेंहि काम व्हावयाचें असेल, तर त्याच्या परिणामांचें व पर्यायांचें सविस्तर निवेदन अगोदर तयार झालें पाहिजे, असें बंधन या कायद्यानें घातलें. नुसतें सदिच्छेचें धोरण जाहीर करून भागत नाहीं. अधिकाऱ्यास प्रत्यक्ष कांहीं करावयास भाग पाडणारी अट कायद्यांत हवी, ही दृष्टि आणण्यांत लिंटन कॉल्डवेल या राज्यशास्त्राच्या प्राध्यापकाचा मोठा वांटा होता. काम करूंच नका, असें हा कायदा म्हणत नाहीं. डोळे मिटून करूं नका, एवढेंच त्याचें सांगणें आहे.

भारतांत या विषयाचा खरा धडा मिळाला तो केरळांतील सायलेंट व्हॅलीच्या प्रकरणांत. पालक्काड जिल्ह्यांतील त्या सदाहरित अरण्यांतून कुंतिपुळा ही नदी वाहते. तिच्यावर धरण बांधून आरंभीं १२० मेगॅवॉट वीज निर्माण करण्याच्या योजनेस नियोजन मंडळानें १९७३ सालीं संमति दिली. बुडणारें क्षेत्र होतें सुमारें ८३० हेक्टर. उत्तर केरळास विजेची निकड होती, रोजगार हवा होता. तेव्हां योजनेच्या पुरस्कर्त्यांची बाजू पोकळ नव्हती. एवढ्या विस्तीर्ण अरण्यांतील एक लहानसा तुकडा गेला तर काय बिघडलें, असा त्यांचा सवाल होता.

या सवालाचें उत्तर नकाशावर मोजमाप करून मिळण्यासारखें नव्हतें. नदीकांठची दरी हाच अशा अरण्याचा गाभा असतो. तेथें पाणी तुंबलें म्हणजे दोन्ही अंगांचें रान एकमेकांपासून तुटतें. शिवाय रस्ते येतात, मजुरांच्या वसाहती येतात आणि सरपणासाठीं कुऱ्हाडहि येते. झाडांच्या शेंड्यांवरून वावरणाऱ्या सिंहपुच्छ वानरास असें तुटलेलें रान ओलांडतां येत नाहीं. बुडणारी जमीन आणि बाधित होणारी जमीन या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हें या शास्त्राचें पहिलें सूत्र म्हणावयास हरकत नाहीं.

१९७६ सालीं मुंबईचे निसर्गाभ्यासक झफर फतेहअली यांच्या नेतृत्वाखालील एका अभ्यासगटानें योजना सोडून द्यावी, अशी शिफारस केली. मात्र तें अगदींच अशक्य असेल, तर कोणत्या अटी पाळाव्या याची यादीहि त्यानें जोडली. ही यादीच पळवाट ठरली. शिफारस बाजूस पडली आणि अटी पाळण्याच्या आश्वासनावर योजना पुढें सरकली. मूल्यांकन शिकणाऱ्या प्रत्येकानें ध्यानांत ठेवावी अशी ही गोष्ट आहे. ‘करूं नये’ या निष्कर्षाखालीं ‘केलेंच तर’ असें लिहिलें, कीं घाईचा वाचक तेवढेंच वाचतो.

पुढें केरळ शास्त्र साहित्य परिषदेनें निराळा मार्ग धरला. विज्ञान मातृभाषेंतून लोकांपर्यंत नेणारी ही संस्था. तिच्या १९७९ सालच्या अभ्यासांत जीवशास्त्रज्ञाच्या जोडीला अभियंता होता आणि अर्थशास्त्रज्ञहि होता. त्यांनीं अरण्याइतकाच विजेचा हिशेब मांडला. प्रदेशाची गरज किती, ती औष्णिक केंद्रांसारख्या दुसऱ्या मार्गांनीं भागेल काय, याची चर्चा केली. त्यामुळें ‘वानर कीं वीज’ असा जो वाद रंगला होता, तो ‘वीज कोठून आणावी’ या शहाणपणाच्या प्रश्नावर येऊन ठेपला. डॉ. एम. जी. के. मेनन यांच्या समितीनें विषयाची पुन्हां छाननी केल्यावर १९८३ सालीं योजना सोडून देण्यांत आली, आणि १९८४ मध्यें तें अरण्य राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झालें.

हा वाद चालला, तेव्हां अशा मूल्यांकनाची कायदेशीर सक्ति भारतांत नव्हती. भोपाळच्या डिसेंबर १९८४ मधील भीषण वायुकांडानंतर १९८६ सालीं पर्यावरण संरक्षण कायदा झाला आणि त्याखालीं २७ जानेवारी १९९४ च्या अधिसूचनेनें ठराविक प्रकारच्या कामांस मूल्यांकन सक्तीचें झालें. १४ सप्टेंबर २००६ रोजीं निघालेल्या अधिसूचनेनें तिची जागा घेतली व चार पायऱ्या घालून दिल्या. कोणत्या प्रकल्पास मूल्यांकन लागेल हें ठरविणें, ही पहिली. अभ्यासांत कोणकोणते प्रश्न हाताळावे याची मर्यादा आंखणें, ही दुसरी. लोकांचें म्हणणें ऐकणें, ही तिसरी. आणि तज्ज्ञ समितीनें अहवालाचें परीक्षण करणें, ही चौथी.

पायऱ्या कागदावर असून भागत नाहीं. त्यांवर प्रामाणिकपणें पाय ठेवावा लागतो. गोव्याच्या पेडणें तालुक्यांतील मोपा येथल्या विमानतळाच्या खटल्यानें हें स्पष्ट केलें. पठारावर होणाऱ्या या विमानतळास २०१५ सालीं मंजुरी मिळाली होती. अर्जाच्या पहिल्या नमुन्यांतच परिसरांतील वनें, पाणथळ जागा आणि संवेदनशील क्षेत्रें यांविषयीं प्रश्न छापलेले असतात. त्यांचीं उत्तरें नीट दिलेलीं नाहींत, झाडांची माहितीहि अहवालांत यथायोग्य आलेली नाहीं, असें आढळल्यावरून सर्वोच्च न्यायालयानें २९ मार्च २०१९ रोजीं ती मंजुरी स्थगित केली आणि तज्ज्ञ समितीस फेरविचार करावयास सांगितलें. जानेवारी २०२० मध्यें वाढीव अटींसह स्थगिति उठली, आणि जानेवारी २०२३ मध्यें तेथून विमानें उडूं लागलीं. सारांश, विमानतळ झालाच. परंतु आरंभीं टाळलेल्या उत्तरांपायीं नऊ महिन्यांहून अधिक काळ ती मंजुरी लटकत राहिली. सत्य अगोदर सांगणें हें शेवटीं प्रकल्पवाल्याच्याहि हिताचें असतें.

आतां हें शास्त्र शिकवावयाचें कसें? वर्गांत बहुधा कोष्टकापासून आरंभ होतो. लूना लिओपोल्ड व त्यांचे सहकारी यांनीं १९७१ सालीं सुचविलेलें कोष्टक प्रसिद्ध आहे. त्याच्या एका बाजूस १०० प्रकारच्या मानवी कृति आणि दुसऱ्या बाजूस पर्यावरणाचीं ८८ अंगें असतात. म्हणजे एकूण ८,८०० चौकटी झाल्या. जेथें परिणाम संभवतो, त्या चौकटींत परिणामाचा आकार आणि त्याचें महत्त्व असे दोन अंक एक ते दहा या श्रेणींत लिहावयाचे. या कोष्टकाचा मोठा गुण हा, कीं एखादें अंग नजरेंतून निसटत नाहीं. त्याचा दोष मात्र त्याच्या अंकांत दडलेला आहे. आकार मोजतां येतो. महत्त्व ठरवावें लागतें. कोरड्या पडलेल्या झऱ्यास अभियंता दोन गुण देईल, आणि त्याच झऱ्यावर हंडा भरणारी बाई दहा देईल. कोणाचा अंक खरा? चांगला शिक्षक विद्यार्थ्यास बेरीज करावयास लावण्यापूर्वीं हा प्रश्न विचारतो.

दुसरा पाठ वर्गाबाहेरचा आहे. कोंकणांत आणि गोव्यांत जांभ्याचे विस्तीर्ण सडे आहेत. एप्रिलमध्यें तेथें उभें राहिल्यास काळा, तापलेला कातळ दिसतो, आणि ‘पडीक जमीन’ हा शेरा आपोआप लेखणींतून उतरतो. तोच सडा श्रावण-भाद्रपदांत पाहावा. खळग्यांत पाणी सांचलेलें असतें, बारीक फुलांचे गालिचे पसरलेले असतात, आणि त्यांत किडे पकडून खाणाऱ्या वनस्पतिहि आढळतात. पावसाचें पाणी पोटांत मुरवून पायथ्याच्या झऱ्यांस पुरविण्याचें कामहि हाच कातळ करतो. साताऱ्याजवळचें कासचें पठार याच कुळांतलें. अनेक प्रकल्पांच्या बाबतींत पावसाळा वगळून एकाच ऋतूंतील निरीक्षणांवर अहवाल आधारण्याची मुभा असते. अशा अहवालांत सड्याचें अर्धें आयुष्य येतच नाहीं. म्हणून एकच जागा दोन ऋतूंत पाहणें, हा या विषयाच्या विद्यार्थ्यास नेमून द्यावा असा उत्तम अभ्यास आहे.

ज्यांनीं हा अभ्यास टाळला, त्यांची फजितीहि झाली आहे. रत्नागिरी जिल्ह्यांतील बॉक्साइटच्या एका खाणीसाठीं सादर झालेल्या अहवालांत स्प्रूस आणि बर्च या थंड प्रदेशांतील वृक्षांचीं रानें अवतरलीं होतीं. रशियांतील एका खाणीच्या अहवालांतला मजकूर जसाच्या तसा उचलल्याचा तो परिणाम. उंटावरून शेळ्या हाकल्या, म्हणजे आंबा-काजूच्या मुलखांत बर्फाळ देशाचीं झाडें उगवतात! हंसूं येतें खरें. परंतु अशाच कागदांवर गांवांच्या पाण्याचा निकाल लागतो, हें आठवलें कीं हंसूं मावळतें.

या दोषाचें मूळ व्यक्तींच्या आळसापेक्षां खोल आहे. अहवाल तयार करणाऱ्या सल्लागाराची नेमणूक प्रकल्पाचा मालक करतो आणि पैसेहि तोच देतो. परीक्षार्थीनेंच परीक्षकाचें वेतन द्यावें, अशांतला हा प्रकार. दुसरी अडचण काळाची. पूर्वमंजुरी न घेतांच सुरू झालेल्या कामांस मागाहून मंजुरीची वाट केंद्र सरकारच्या मार्च २०१७ च्या अधिसूचनेनें उघडली. मे २०२५ मध्यें सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनीं अशी मागाहूनची मंजुरी अवैध ठरविली. परंतु त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत तीन न्यायमूर्तींच्या पीठानें बहुमतानें तो निर्णय मागें घेतला. उभे राहिलेले कारखाने व इमारती पाडल्यास जनतेचें अपरिमित नुकसान होईल, हा एका बाजूचा युक्तिवाद. तो सहज झटकून टाकण्यासारखा नाहीं. तथापि ज्या मूल्यांकनास ‘नको’ म्हणण्याची शक्तीच उरलेली नाहीं, तें वरातीमागून आलेलें घोडें होय.

यावर शहरांतील सुशिक्षित कुटुंबांस करतां येण्यासारखें पुष्कळ आहे. जनसुनावणीची सूचना किमान ३० दिवस अगोदर द्यावी लागते, अहवालाचा सारांश स्थानिक भाषेंतहि उपलब्ध करावा लागतो, आणि ज्यांचा संबंध पोंचतो, त्या इतरांसहि आपलें म्हणणें लेखी पाठवितां येतें. हा ३० दिवसांचा अवधि २० वर आणण्याचा प्रस्ताव २०२० च्या मसुद्यांत होता. आणि तो मसुदा सर्व भारतीय भाषांत लोकांपुढें यावा, यासाठीं दिल्ली उच्च न्यायालयास आदेश द्यावा लागला. ज्यांच्या दारांतून रस्ता जाणार, त्यांस समजेल अशा भाषेंत प्रश्न मांडणें हाहि मूल्यांकनाचाच भाग आहे. शहरांतील दिवा ज्या दरींतून उजळतो, ती दरी शहरवासी सहसा पाहत नाहींत. निदान तिच्याविषयींचा अहवाल वाचणें आणि त्यांतील झाडें तेथलींच आहेत ना, एवढें पडताळून पाहणें, इतकें ऋण तरी त्यांच्याकडे निघतें.