सातबारा ते व्हिसा : नागरिकत्वाबरोबर चालणारा कर

वर्ध्याच्या मातीतून निघालेले गदर चळवळीतील क्रांतिकारक आणि कृषिशास्त्रज्ञ डॉ. पांडुरंग खानखोजे यांनी उमेदीची वर्षे मेक्सिकोत काढली, एका बेल्जियन स्त्रीशी विवाह केला. ब्रिटिशांच्या काळ्या यादीत नाव असल्यामुळे मायदेशी परतण्याची परवानगी त्यांना आधी नाकारली गेली होती. माणूस कुठला, त्याच्यावर हक्क कुणाचा आणि त्याच्यासोबत कुणी यायचे, हे कागद ठरवतात. आज हा प्रश्न वेगळ्या रूपात आपल्या घरांत येतो. अमेरिकेचा नागरिक झालेला मुलगा किंवा मुलगी गावी परतते, इथेच लग्न होते आणि काही वर्षांनी दोघांना तिकडे जायचे असते. तेव्हा पहिला अडसर बहुधा लग्नाच्या दाखल्याचा नसतो, तो कराच्या विवरणपत्राचा असतो.

बहुतेक देश कर लावताना माणूस राहतो कुठे हे पाहतात. अमेरिका नागरिकत्वही पाहते. या प्रथेचे मूळ तिथल्या यादवी युद्धाच्या काळात आहे. मेक्सिको शहरात राहणाऱ्या कुक नावाच्या अमेरिकन नागरिकाने तिला आव्हान दिले होते. उत्पन्न मेक्सिकोतले, वास्तव्यही मेक्सिकोत, मग कर अमेरिकेला का, हा त्याचा प्रश्न होता. १९२४ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल सरकारच्या बाजूने दिला. १९८९च्या भारत-अमेरिका कर करारातही आपल्या नागरिकांवर कर लावण्याचा हक्क अमेरिकेने राखून ठेवला आहे.

समजा, असा एक नागरिक दहा वर्षांपासून सेलू तालुक्यात वारशाने आलेली शेती पाहतो. कापूस, तूर, सोयाबीन हे त्याचे उत्पन्न. आपल्या आयकरात शेतीच्या उत्पन्नाला सूट आहे, म्हणून तो निश्चिंत असतो. अमेरिकेला ही सूट मान्य नाही. परदेशात कष्टाने मिळवलेल्या उत्पन्नावर तिथे वजावट मिळते (२०२५ साठी १,३०,००० डॉलरपर्यंत), पण ती विवरणपत्र भरून मागावी लागते. जमीन ठेक्याने दिली असेल तर ते भाडे ठरते, आणि भाड्याला किंवा बँकेच्या व्याजाला ही वजावट लागू नाही. स्वतः शेती करणाऱ्याचा निव्वळ नफा वर्षाला ४०० डॉलरच्या वर गेला, तर १५.३ टक्क्यांचा स्वयंरोजगार कर वेगळा लागतो. दोन्ही देशांत सामाजिक सुरक्षेचा करार नसल्याने त्यातून सुटका नाही. विवाहित व्यक्ती स्वतंत्र विवरणपत्र भरत असेल तर उत्पन्नाची मर्यादा अवघी ५ डॉलर आहे. म्हणजे ‘माझे उत्पन्नच कमी’ ही सबब सहसा टिकत नाही.

आता हे व्हिसाशी कुठे जुळते? १९९६च्या कायद्याने जोडीदाराला बोलावणाऱ्यावर पोषणाची हमी न्यायालयात बजावता येईल अशी बंधनकारक केली. आय-८६४ नावाच्या या हमीपत्रासोबत सर्वांत अलीकडच्या वर्षाचे अमेरिकी विवरणपत्र द्यावे लागते. भरणे बंधनकारकच नव्हते, तर तसे लेखी स्पष्टीकरण चालते. बंधनकारक असून भरले नसेल, तर आधी उशिराचे विवरणपत्र भरणे भाग आहे. भारतातले आयकर विवरणपत्र त्याची जागा घेत नाही.

चूक अजाणतेपणी झाली असेल तर परदेशस्थ नागरिकांसाठी सवलतीची वाट आहे. मागील ३ वर्षांची विवरणपत्रे आणि ६ वर्षांची परदेशी बँक खात्यांची माहिती दिली की दंड माफ होतो. सर्व खात्यांतील रक्कम मिळून वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली असेल, तर खात्यांची ही माहिती द्यावी लागते. नोकरदारांची अडचण निराळी आहे. आपले आर्थिक वर्ष एप्रिलपासून, त्यांचे जानेवारीपासून. त्यामुळे एका अमेरिकी वर्षासाठी दोन फॉर्म सोळा आणि महिन्यांच्या पगारपावत्या जुळवाव्या लागतात.

कागद पुरे झाले तरी उत्पन्नाची कसोटी उरते. दोघांच्या कुटुंबासाठी २०२५च्या दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के, म्हणजे सुमारे २६,४३७ डॉलर वार्षिक उत्पन्न दाखवावे लागते. इथली शेती किंवा नोकरी सोडून जाणार असाल तर तिचे उत्पन्न मोजत नाहीत. तिकडे गेल्यावरही त्याच ठिकाणाहून येत राहणारेच उत्पन्न धरतात. शिवाय अमेरिकेत पुन्हा बिऱ्हाड थाटण्याचा इरादा नोकरी, घर किंवा बँक खात्याच्या पुराव्याने दाखवावा लागतो. उत्पन्न कमी पडले तर तिथला नातेवाईक किंवा मित्र सहहमीदार होऊ शकतो. नाहीतर तुटीच्या तिप्पट मालमत्ता दाखवता येते, पण ती वर्षभरात रोख होणारी हवी. सातबारा इथे फारसा कामी येत नाही, कारण परदेशी नागरिकाला शेतजमीन फक्त भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकता येते.

इतर देशांचा रिवाज वेगळा आहे. ब्रिटनने एप्रिल २०२४ पासून जोडीदारासाठी किमान उत्पन्न २९,००० पौंड केले, पण परदेशी राहिलेल्या नागरिकाकडे मागील करांचा हिशेब तो मागत नाही. कॅनडात क्वेबेक वगळता जोडीदारासाठी सहसा किमान उत्पन्नाची अटच नाही.

सुदैवाने अमेरिकेत नाते सिद्ध करणारा पहिला अर्ज करताना विवरणपत्र लागत नाही. तो मंजूर होईपर्यंत जे महिने जातात, त्यांत कराचा अनुशेष भरून काढता येतो. मुंबईच्या वाणिज्य दूतावासातली मुलाखत त्यानंतर येते. एक गोष्ट मात्र दोघांनी मिळून वाचावी : हमीपत्राचे बंधन घटस्फोटाने सुटत नाही. जोडीदार नागरिक होईपर्यंत, त्याच्या खात्यावर सुमारे दहा वर्षांचे काम जमेपर्यंत, तो कायमचा देश सोडेपर्यंत किंवा दोघांपैकी एकाचा मृत्यू होईपर्यंत ते टिकते. सप्तपदीतली वचने कुठल्याही कचेरीत नोंदली जात नाहीत. पोषणाचे हे वचन मात्र सहीनिशी नोंदले जाते आणि त्याच्या पूर्ततेसाठी न्यायालयात दाद मागता येते.