ही कोणाची आजी? : एआयला सोबत घेऊन लिहिताना

हेडफोन लावलेत ना? आज बोलूया एआयकडून लिहून घेण्याबद्दल. खरं तर, एआयला *सोबत घेऊन* लिहिण्याबद्दल. दोन्हींत फरक आहे आणि तो मला जरा उशिरा कळला.

माझ्या आजीचं वर्षश्राद्ध होतं. घरच्यांसाठी दोन पानं लिहायचं काम माझ्याकडे आलं. वेळ कमी होता म्हणून एआयला सांगितलं, आजीवर भावपूर्ण लेख लिही. दहा सेकंदांत लेख हजर. ‘मायेचा अथांग सागर’, ‘त्यागाची मूर्ती’, सगळं होतं त्यात. आत्याने वाचला आणि म्हणाली, “छान आहे रे. पण ही कोणाची आजी?”

बोलती बंद!

असं का होतं? चॅटजीपीटी, जेमिनाय यांसारख्या एआयच्या पोटात आहे भाषेचं मॉडेल. त्याने प्रचंड मजकूर वाचलेला असतो आणि त्यावरून ते पुढचा शब्द, किंवा शब्दाचा तुकडा, कोणता येण्याची शक्यता आहे याचा अंदाज बांधत जातं. ‘आजी’ म्हटलं की ‘माया’ येणारच. म्हणजे मिळते ती सगळ्यांच्या आज्यांची सरासरी. त्यात इंटरनेटवर मराठी मजकूर इंग्रजीच्या मानाने फारच कमी. त्यामुळे ‘हे लक्षात घेणे महत्त्वाचे आहे’ अशी भाषांतराचा वास येणारी वाक्यं मधेच डोकावतात. आपल्या घरात असं कोण बोलतं?

मग मी काम उलटं केलं. लिहिलं, “लेख लिहू नकोस. मला आजीबद्दल दहा प्रश्न विचार, एका वेळी एकच.” चौथा प्रश्न होता: तिच्या हातात नेहमी काय दिसायचं? आणि मला एकदम आठवलं. एसटीची जुनी तिकिटं! त्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर ती दुधाचा हिशेब लिहायची. हे एआयला ठाऊक असणं शक्यच नव्हतं. पण ते माझ्याकडून काढून घेतलं त्याच्या प्रश्नाने.

तर मला जमलेली पद्धत सांगतो. आधी त्याला प्रश्न विचारायला लावा. मग पहिला खर्डा स्वतः लिहा, वाकडातिकडा चालेल. तो देऊन विचारा, “कुठे कंटाळा येतो? काय समजत नाही? बदल करू नकोस, फक्त दाखव.” शुद्धलेखनासाठी दिलात, तरी प्रत्येक बदल बघूनच घ्या. मला तर ते आजीचा ‘इस्कोट’ खोडून ‘विस्कळीतपणा’ सुचवत होतं. गेली की आजी! आणि हो, दुसऱ्यांची खासगी माहिती त्यात टाकू नका.

एक मोठा धोका मात्र आहे. अंदाज बांधणारं यंत्र माहिती नसली तरी ठामपणे बोलतं. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या एका खटल्यात वकिलांनी चॅटजीपीटीने दिलेले जुने निकाल कोर्टात सादर केले. ते निकाल अस्तित्वातच नव्हते! “हे खरे आहेत ना?” असं विचारल्यावर चॅटजीपीटीने होच म्हटलं होतं. कोर्टाने ५,००० डॉलरचा दंड केला. म्हणून तारीख, आकडा, नाव, अवतरण यांची खात्री बाहेर करायची, त्यालाच विचारून नाही.

मग एआय वापरणं म्हणजे फसवणूक का? जपानी लेखिका रिए कुदान यांना जानेवारी २०२४ मध्ये अकुतागावा पुरस्कार मिळाला, तेव्हा त्यांनी स्वतःच सांगितलं की कादंबरीत साधारण ५ टक्के मजकूर एआयचा आहे. कादंबरीतल्या एआयची उत्तरं ती. वाद झाला, पण त्यांनी लपवलं नाही. आपणही हेच करावं. कॉलेजचा प्रकल्प असेल तर आधी शिक्षकांना विचारा काय चालतं आणि वापरलं असेल तर तसं सांगा.

शेवटची चाचणी अगदी सोपी. लिहिलेलं मोठ्याने वाचा, ज्याच्यासाठी लिहिलंय त्याच्यासमोर.

वर्षश्राद्धाच्या दिवशी मी तिकिटांचा परिच्छेद वाचला. आत्या काही बोलली नाही. उठून आत गेली आणि आजीच्या डब्यातून तिकिटांची एक गड्डी घेऊन आली.

भेटू पुढच्या भागात!