वाट दाखविणारे यंत्र

टपालाच्या पेटीत पत्र टाकणाऱ्या मनुष्यास ते कोणत्या गाडीने जाईल, कोणत्या स्थानकावर उतरेल, त्याची वर्गवारी कोण करील, याची विवंचना करावी लागत नाही. पत्ता नीट लिहिला म्हणजे त्याचे कर्तव्य संपले. पुढील सारा भार टपालखात्यावर. १५ ऑगस्ट १९७२ रोजी या खात्याने पिन कोडाची पद्धत सुरू केली. तिचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे केंद्रीय दळणवळण मंत्रालयातील अधिकारी. संस्कृत कवी म्हणूनही त्यांचा लौकिक होता. त्यांच्या योजनेचे मर्म असे की, सहाही आकडे सर्वांनी वाचण्याचे कारण नाही. ४११००४ असा आकडा असलेले पत्र कोलकात्याच्या वर्गवारी कचेरीत आले, तर तेथील कर्मचाऱ्यास पहिले तीन आकडे पुरेसे होतात. पत्र पुण्याच्या वाटेस लागते. शेवटच्या तीन आकड्यांवरून डेक्कन जिमखान्याचे टपालघर ओळखणे, हे काम पुण्याचे.

संगणकांच्या जाळ्यातील राउटर नावाचे यंत्र नेमके हेच करीत असते. मजकुराचे लहान लहान तुकडे पाडून ते पाठविले जातात. त्यांना पॅकेट म्हणतात. प्रत्येक पॅकेटावर जेथे जावयाचे तेथील पत्ता असतो. राउटर तो पाहतो, आपल्याजवळच्या वाटांच्या कोष्टकाशी ताडून पाहतो आणि पॅकेट पुढच्या टप्प्यावर धाडतो. संपूर्ण प्रवास त्याला ठाऊक नसतो. पुढचा टप्पा कोणता, एवढेच तो जाणतो. हे यंत्र चालविण्याची विद्या आज देशातील अभियांत्रिकी महाविद्यालयांत आणि तंत्रनिकेतनांत शिकविली जाते. ती कशी शिकली जाते, हे समजून घेणे उद्बोधक आहे.

आरंभ होतो तो तारेपासून. केबलीच्या आत आठ बारीक तारा असतात. दोन दोन तारांना पीळ घालून त्यांच्या चार जोड्या केलेल्या असतात. या तारा ठराविक रंगक्रमाने प्लगात बसवून पकडीने दाबावयाच्या असतात. नवशिक्या विद्यार्थ्याच्या हातून क्रम चुकतो, एखादी तार आखूड पडते आणि स्विचवरील हिरवा दिवा काही केल्या लागत नाही. शंभर मीटरांपेक्षा लांब केबल टाकू नये, हा नियमही तो येथेच शिकतो. पुरेशी यंत्रे नसतात तेथे संगणकाच्या पडद्यावरच राउटरांचा आभास निर्माण करणारे पॅकेट ट्रेसरसारखे साधन वापरतात. ते उपयुक्त खरे. परंतु सैल बसलेला प्लग ओळखण्याची बोटांची जाण पडद्यावर येत नाही.

दुसरा पाठ पत्त्यांचा. प्रचलित पद्धतीचा पत्ता चार आकड्यांचा असतो आणि प्रत्येक आकडा शून्य ते २५५ यांच्या दरम्यान असतो. असे एकूण ४२९ कोटींच्या वर पत्ते होतात. जगाला ते अपुरे पडल्यामुळेच पुढे कितीतरी पट मोठ्या पत्त्यांची नवी पद्धत योजावी लागली. पत्त्याचा पहिला भाग जाळ्याचा आणि उरलेला त्या जाळ्यातील यंत्राचा. पिन कोडात ही विभागणी ठरलेली असते. येथे ती कोठे करावयाची, हे मास्क नावाचा दुसरा आकडा सांगतो. २५५.२५५.२५५.० असा मास्क असेल, तर पहिले तीन आकडे जाळ्याचे समजावयाचे. शेवटच्या आकड्याच्या २५६ शक्यतांपैकी पहिली खुद्द जाळ्याच्या नावासाठी आणि शेवटची सर्वांना एकदम हाक देण्यासाठी राखीव असते. यंत्रांना देण्यास उरतात २५४.

आता प्रत्यक्ष प्रयोग. दोन संगणक दोन निराळ्या जाळ्यांत ठेवावयाचे आणि मध्ये राउटर. एका संगणकाचा पत्ता १९२.१६८.१.१०, दुसऱ्याचा १९२.१६८.२.१०. राउटरला दोन दारे. प्रत्येक दाराला त्या त्या जाळ्यातील पत्ता द्यावयाचा आणि तोच पत्ता त्या बाजूच्या संगणकास बाहेर पडण्याचे दार म्हणून सांगावयाचा. प्रयोगशाळांत सर्रास आढळणाऱ्या सिस्को पद्धतीच्या राउटरची दारे मुळात बंद असतात. पत्ता अचूक दिला तरी ‘नो शटडाउन’ ही आज्ञा दिल्यावाचून ती उघडत नाहीत. दार बंद ठेवून वाट का सापडत नाही म्हणून अर्धा तास डोके खाजविणे, हा बहुतेक विद्यार्थ्यांच्या नशिबी आलेला पहिला अनुभव होय.

सर्व जुळले की नाही, हे ‘पिंग’ या आज्ञेने पाहतात. १९८३ साली माइक म्युस या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने ती रचली आणि पाणबुडीचा वेध घेणाऱ्या ध्वनियंत्राच्या आवाजावरून तिला हे नाव दिले. आपण हाक घालावयाची आणि पलीकडून ओ येते का ते ऐकावयाचे. पहिली हाक पुष्कळदा वाया जाते, कारण शेजारच्या यंत्राची ओळख पटविण्यातच ती वेळ निघून जाते. हे ठाऊक नसलेला विद्यार्थी विनाकारण घाबरतो.

खरी परीक्षा मध्ये दोन राउटर आले म्हणजे सुरू होते. विद्यार्थी पहिल्या राउटरला पलीकडच्या जाळ्याची वाट शिकवितो, हाक घालतो, आणि उत्तर येत नाही. तो पुन्हा पुन्हा पहिलाच राउटर तपासतो; तेथे तर काहीच चूक नसते. अखेर शिक्षक त्यास दुसऱ्या टोकाला नेऊन दाखवितात की हाक तेथे बिनचूक पोहोचली आहे, ओ देखील दिली गेली आहे. परंतु दुसऱ्या राउटरला परतीची वाट कोणी सांगितलेलीच नाही. जाण्याचा रस्ता दाखविला म्हणजे येण्याचा आपोआप दिसतो, असे या व्यवहारात नाही. या एका चुकीतून विद्यार्थी जे शिकतो, ते दहा व्याख्यानांनी साधत नाही. दोष शोधावयाचा तर हाकेच्या मागोमाग टप्प्याटप्प्याने चालावे लागते, ही शिस्त त्याच्या अंगी येते.

आणखी एक धडा वीज देते. राउटरला दिलेल्या आज्ञा तात्पुरत्या स्मरणात राहतात. त्या कायम स्मरणात उतरवून ठेवण्याची आज्ञा निराळी आहे. ती द्यावयाचे विसरले आणि वीज गेली, की तीन तासांचे काम धुऊन निघते. प्रयोगशाळेत हे हसण्यावारी नेता येते. रुग्णालयात किंवा बँकेत नेता येत नाही.

या विद्येतील चुकीची किंमत किती असते, याची दोन उदाहरणे पुरे होतील. २४ फेब्रुवारी २००८ रोजी पाकिस्तानातील दूरसंचार कंपनीने देशापुरते यूट्यूब बंद करण्यासाठी त्याच्या पत्त्यांची खोटी वाट जाहीर केली. ती वाट सीमेबाहेर पसरली. अधिक नेमक्या पत्त्याला अग्रक्रम द्यावयाचा, हा राउटरांचा नियम. त्यामुळे जगभरचे राउटर तिकडेच वळले आणि सुमारे दोन तास जगाच्या मोठ्या भागात यूट्यूब दिसेनासे झाले. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुकच्या जाळ्याची देखभाल चालू असता दिलेल्या एका आज्ञेमुळे त्या कंपनीकडे जाणाऱ्या वाटाच जगाच्या कोष्टकांतून पुसल्या गेल्या. सुमारे सहा तास ती सेवा बंद राहिली. दुरुस्तीची आतील साधनेही त्याच जाळ्यावर अवलंबून असल्याने उपाय करण्यास विलंब लागला.

भारतात शिक्षणसंस्थांना जोडणाऱ्या अर्नेट या जाळ्याचा आरंभ १९८६ साली झाला; सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी खुले झाले. २०११ साली सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती प्रकाशतंतूंनी जोडण्याची योजना मंजूर झाली. परंतु तंतू गावात पोहोचला म्हणजे सेवा पोहोचली असे होत नाही. दिवा विझला असता दोष तारेत आहे, पत्त्यात आहे की परतीच्या वाटेत, हे सांगणारा मनुष्य तालुक्याच्या ठिकाणी असावा लागतो. तो नसेल, तर सातबाऱ्याच्या उताऱ्यासाठी आलेला शेतकरी ‘उद्या या’ एवढे ऐकून परत जातो.

असा मनुष्य तयार होतो तो प्रयोगशाळेतील त्या टेबलापाशी, जेथे चुकण्याची मुभा आहे आणि चूक कोठे झाली हे शोधून काढण्यास वेळ आहे. ज्या संस्थेत वीस विद्यार्थ्यांमागे एकच राउटर आहे आणि त्यालाही हात लावू दिला जात नाही, तेथे पदवी मिळेल. ही जाण मिळणार नाही. यंत्रे वापरून जुनी झाली तर नवी घेता येतात. कपाटात कुलूपबंद राहिलेली यंत्रे मात्र कोणासही काही न शिकविता जुनी होतात.