श्रवणयंत्राची निवड आणि जुळवणी : गैरसमज आणि वस्तुस्थिती

गैरसमज १ : श्रवणयंत्राचे काम आवाज मोठा करणे एवढेच असते.

वस्तुस्थिती : उतारवयातील श्रवणऱ्हासात बहुधा उच्च वारंवारतेचे, म्हणजे बारीक पट्टीतले ध्वनी आधी क्षीण होतात, त्यामुळे स्वर ऐकू येतात, परंतु ‘स’, ‘श’, ‘फ’ यांसारखी व्यंजने निसटतात आणि ‘ऐकू येते, पण शब्द कळत नाहीत’ ही तक्रार सुरू होते. आंतरकर्णातील केशपेशी निकामी झाल्यास हळू आवाज ऐकू येत नाही, मात्र मोठा आवाज पूर्वीइतकाच मोठा भासतो. म्हणून यंत्राने हळू आवाज अधिक आणि मोठा आवाज कमी वाढवावा लागतो. या प्रक्रियेला ‘कॉम्प्रेशन’ म्हणतात.

गैरसमज २ : महागडे किंवा दुसऱ्याला मानवलेले यंत्र कोणालाही चालते.

वस्तुस्थिती : निवडीचा पाया ऑडिओग्राम हा असतो, म्हणजे साधारणतः २५० ते ८००० हर्ट्झ या पट्ट्यात प्रत्येक कानाला ऐकू येणाऱ्या किमान आवाजाचा आलेख. त्याच्या जोडीला बोटांची हालचाल, दृष्टी आणि कानातून होणारा स्राव यांचाही विचार करावा लागतो, कारण थरथरत्या हातांना कानाच्या आत बसणाऱ्या यंत्राचा चिमुकला सेल बदलणे जमत नाही. लहान मुलांना कानामागचे यंत्र देतात, कारण कान वाढला तरी केवळ कानाच्या मापाचा साचा, म्हणजे इअर मोल्ड, बदलून भागते.

गैरसमज ३ : संगणकात ऑडिओग्राम भरला की जुळवणी पूर्ण होते.

वस्तुस्थिती : संगणकाने सुचवलेली मांडणी सरासरी कानासाठी असते; प्रत्यक्षात कर्णनलिकेची लांबी व आकारमान व्यक्तिगणिक बदलते, आणि बाळाच्या चिमुकल्या नलिकेत त्याच मांडणीने प्रौढापेक्षा बराच अधिक ध्वनिदाब निर्माण होतो. यासाठी ‘रिअल इअर मेजरमेंट’ करतात : सूक्ष्मध्वनिग्राहकाला जोडलेली बारीक, मऊ नळी कानाच्या पडद्याजवळ नेऊन, शेजारी यंत्र बसवून, हळू, मध्यम व मोठ्या आवाजातील बोलणे ऐकवले जाते. पडद्यापाशी पोहोचलेला ध्वनी ऑस्ट्रेलियातील ‘एनएएल-एनएल२’ किंवा मुलांसाठी विशेषत्वाने वापरल्या जाणाऱ्या कॅनडातील ‘डीएसएल’ या सूत्राने ठरवलेल्या लक्ष्यरेषेशी ताडून पाहिला जातो आणि जेथे तो कमी-जास्त भरतो, तेथे मांडणी सुधारली जाते.

गैरसमज ४ : दोन्ही कान अधू असले तरी एक यंत्र पुरते.

वस्तुस्थिती : आवाजाची दिशा मेंदू दोन्ही कानांपर्यंत तो पोहोचण्यातील वेळेच्या व तीव्रतेच्या फरकावरून ओळखतो, म्हणून विशेष वैद्यकीय कारण नसल्यास दोन यंत्रेच हितावह ठरतात आणि गोंगाटातले बोलणेही त्यांनी अधिक कळते.

यंत्राची सवय होण्यास काही आठवडे लागतात आणि त्या काळात फेरतपासणी आवश्यक असते. अचानक आलेला बहिरेपणा मात्र तातडीची वैद्यकीय बाब असून, तेथे आधी कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठावा. यंत्र घेताना किमतीइतक्याच आग्रहाने एक प्रश्न अवश्य विचारावा : कानात नळी ठेवून मापन केले जाणार आहे काय?