श्वानांतील हर्पिस विषाणू : रोग आणि संज्ञा

शास्त्रीय संज्ञा मराठीत आणावयाची म्हणजे शब्दाला शब्द जुळवावयाचा, एवढेच ते काम नव्हे. संज्ञा ज्या वस्तूची निदर्शक आहे, त्या वस्तूचे स्वरूप आधी नीट समजून घ्यावे लागते. कुत्र्यांच्या प्रजननास बाधक ठरणाऱ्या विषाणूंमध्ये ज्याचा प्रामुख्याने उल्लेख होतो, त्या हर्पिस विषाणूच्या उदाहरणाने ही गोष्ट चांगली स्पष्ट होईल.

प्रथम नावाचा विचार करू. 'व्हायरस' हा लॅटिन शब्द आणि संस्कृत 'विष' हे सगोत्र शब्द होत. म्हणून 'विषाणू' ही मराठी संज्ञा मुळाशी इमान राखून आहे. 'हर्पिस' हे नाव 'सरपटणे' या अर्थाच्या ग्रीक धातूपासून आले. शब्दारंभीच्या स्वरापूर्वीच्या मूळ सकाराचा ग्रीकमध्ये हकार होतो, हे 'सप्त' व 'हेप्टा' या जोडीवरून अभ्यासकांस ठाऊक आहेच. त्याच न्यायाने हा धातू संस्कृत 'सृप्' याचा सगोत्र ठरतो. माणसाच्या अंगावर पट्ट्यासारखी पसरणारी पुरळ पाहून मराठीने तिला 'नागीण' म्हटले. ते ग्रीक शब्दाचे भाषांतर नव्हे. दोन समाजांना स्वतंत्रपणे सुचलेली ती जवळजवळ एकच प्रतिमा आहे. नागिणीचा विषाणूही याच कुलातला. श्वानांच्या बाबतीत मात्र ही प्रतिमा दिशाभूल करते, कारण येथे त्वचेवर सरपटणारे असे काही बहुधा दिसतच नाही.

१९६५ साली अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाचे लेलंड कारमायकेल व त्यांचे सहकारी यांनी नवजात पिलांच्या एका प्राणघातक विषाणुजन्य रोगाचे वर्णन प्रसिद्ध केले. या रोगाचे मर्म तापमानात आहे. हा विषाणू ३७ अंश सेल्सियसच्या खाली जोमाने वाढतो. प्रौढ कुत्र्याच्या शरीराचे तापमान ३८ ते ३९ अंश असल्याने तेथे त्याची वाढ रोखली जाते, आणि संसर्ग नाक, घसा व जननमार्ग यांच्या अस्तरापुरता मर्यादित राहतो. नवजात पिलास आपली ऊब स्वतः राखता येत नाही. त्याची प्रतिकारशक्तीही अपुरी असते. अशा पिलास जन्माच्या वेळी मातेच्या जननमार्गातून, अथवा पुढे तिच्या वा भावंडांच्या नाकातोंडातील स्रावातून संसर्ग झाल्यास विषाणू रक्तावाटे यकृत, मूत्रपिंडे व फुप्फुसे यांपर्यंत पोहोचतो. पिलू दूध पिणे सोडते, सतत कण्हते आणि बहुधा एक-दोन दिवसांत दगावते. तीन आठवडे वयानंतर संसर्ग झाल्यास मात्र रोग सहसा सौम्य असतो.

गाभणपणात संसर्ग गर्भापर्यंत पोहोचल्यास गर्भ शरीरात शोषला जातो, आतच सुकून राहतो, गर्भपात होतो किंवा पिले मृत वा अपुऱ्या दिवसांची जन्मतात. गाभणपणाचे शेवटचे तीन आठवडे आणि विण्यानंतरचे पहिले तीन आठवडे हा काळ विशेष धोक्याचा समजला जातो.

आता संज्ञांचा प्रश्न अधिक गंभीर होतो. एकदा शिरलेला हा विषाणू मज्जातंतूंच्या गाठींत आयुष्यभर दडून राहतो आणि शरीरावर ताण आला, किंवा कॉर्टिकोस्टेरॉइड वर्गातील औषधे दिली गेली, की पुन्हा स्रवू लागतो. अशा मादीस 'बरी झाली' म्हणणे चूक, आणि 'रोगी' म्हणणेही चूक. 'सुप्त संसर्ग' हीच येथे योग्य संज्ञा होय. याची दुसरी बाजूही आहे. पूर्वी संसर्ग झालेल्या मातेच्या चिकातून पिलांस प्रतिपिंडे मिळतात, म्हणून एक वेत गमावलेल्या कुत्रीची पुढील पिले बहुधा वाचतात. तिला निरुपयोगी ठरविण्याची घाई करू नये.

व्यवहारात सर्वाधिक घोटाळा 'गाभ राहिला नाही' या साध्या वाक्याने होतो. गर्भधारणा झालीच नाही आणि गर्भ राहून नंतर शोषला गेला, या दोन भिन्न घटना या एकाच वाक्यात सामावतात. गाभडणे डोळ्यांना दिसते, म्हणून त्यास भाषेत स्वतंत्र क्रियापद आहे. शोषण दिसत नाही, म्हणून त्यास बोलीत नाव नाही. परिणामी संसर्गाने झालेली हानी वांझपणाच्या खात्यावर मांडली जाते आणि तपासाची दिशाच चुकते. संयोगानंतर सुमारे चार आठवड्यांनी सोनोग्राफी केल्यास हा भेद उघड होऊ शकतो.

'संसर्गजन्य गर्भपात' हा शब्दप्रयोगही जपूनच करावा. १९६६ साली कारमायकेल यांनीच कुत्र्यांत गर्भपात घडविणारा ब्रुसेल्ला वर्गातील एक जीवाणू वेगळा केला. तो माणसासही बाधू शकतो. श्वानांचा हर्पिस विषाणू माणसास बाधत नाही. दोहोंस एकच नाव दिल्यास पाळणारा एक तर नाहक घाबरेल, नाही तर नको तेथे निर्धास्त राहील.

प्रतिबंधाचा मार्ग बराचसा साधा आहे. धोक्याच्या सहा आठवड्यांत मादीस इतर कुत्र्यांपासून दूर ठेवावे व पिलांस ऊब द्यावी. हा विषाणू नेहमीच्या जंतुनाशकांनी नष्ट होतो. २००१ साली युरोपीय संघात गाभण कुत्र्यांसाठी एका लसीस मान्यता मिळाली. तिची पहिली मात्रा माजाच्या काळात किंवा संयोगानंतर सात ते दहा दिवसांनी, आणि दुसरी विण्यापूर्वी एक-दोन आठवडे द्यावयाची असते. प्रत्येक गाभणपणात ती पुन्हा द्यावी लागते.

माज, गाभण, वेत, चीक, गाभडणे हे पशुपालकांचे शब्द नेमके आहेत; ते टाकून नवे घडविण्याचे कारण नाही. जेथे बोली मूक आहे, तेथे मात्र 'गर्भशोषण' व 'सुप्त संसर्ग' यांसारख्या संज्ञांची जोड तिला दिली पाहिजे. डोळ्यांना न दिसणाऱ्या हानीची दखल घ्यावयाची, तर तिला आधी नाव असावे लागते.