लेफ्टनंट श्रीकृष्ण वेलिणकर : एक मराठी आकाशयोद्धा

खानदेशांतील मुलांस विमान आतां नवलाचें राहिलेलें नाहीं. धुळ्यानजीक गोंदूरला विमानांचें मैदान आहे, जळगांवासही विमानतळ झाला आहे. घरघर ऐकूं आली तर मान वर करून पाहावयाचें आणि पुन्हां आपल्या खेळास लागावयाचें, इतकें तें अंगवळणी पडलें आहे. पण ज्या काळाची ही हकीकत आहे, त्या काळीं मनुष्य उडूं लागल्यास पुरीं पंधरा वर्षेंही झालीं नव्हतीं. राइट बंधूंचें पहिलें उड्डाण १७ डिसेंबर १९०३ चें. आणि मुंबईचा एक मराठी तरुण फ्रान्सच्या आकाशांत लढतां लढतां पडला तो १९१८ च्या जून महिन्यांत.

त्यांचें नांव श्रीकृष्ण वेलिणकर. जन्म मुंबईस, १८९४ सालीं. पुढील शिक्षणासाठीं ते केंब्रिज विद्यापीठांत गेले आणि तेथें असतांनाच पहिलें महायुद्ध पेटलें. त्यांच्या मनांत विमानदळांत शिरावयाचें होतें. ही इच्छा आज साधी वाटेल, परंतु त्या वेळीं हिंदी मनुष्यास सैन्यांत राजाची सनद, म्हणजे गोऱ्या अधिकाऱ्याच्या बरोबरीचा हुद्दा, जवळ जवळ मिळतच नसे. हजारों हिंदी शिपाई फ्रान्सच्या चिखलांत मरत होते. पण त्यांचा सर्वांत वडील सुभेदारही कालच्या कोंवळ्या इंग्रज लेफ्टनंटाच्या हुकुमाखालीं असे. हरदितसिंग मलिक या ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यास विमानदळानें प्रथम नाकारलें. तेव्हां फ्रेंच आपणांस घ्यावयास तयार आहेत असें त्यांनीं आपल्या शिक्षकांस कळविलें, आणि शिक्षकांनीं वरिष्ठांस पत्र लिहिल्यावर मग दार किलकिलें झालें. त्या दारांतून जे मोजके हिंदी वैमानिक आंत गेले, त्यांपैकीं चौघांचीं नांवें इतिहासांत विशेष आढळतात : मलिक, इंद्रलाल रॉय, एरोल चंदर सेन आणि आपले वेलिणकर. सेन १९१७ त शत्रूच्या हातीं सांपडले. रॉय यांनीं तेरा दिवसांत दहा विमानें पाडलीं व २२ जुलै १९१८ रोजीं ते स्वतः पडले. मलिक मात्र वांचले आणि दीर्घायुषी झाले.

वेलिणकर यांची नेमणूक २३ व्या स्क्वॉड्रनमध्यें झाली. या तुकडीजवळ ‘डॉल्फिन’ नांवाचीं एकासनी लढाऊ विमानें होतीं. या यंत्राची रचना मोठी चमत्कारिक. वरच्या पंखाची मधली चौकट उघडी ठेवलेली असे व वैमानिकाचें डोकें त्या चौकटींतून पंखाच्याही वर येई. त्यामुळें वरचें आकाश त्यास चोहोंकडे स्वच्छ दिसे. परंतु उतरतांना विमान उलटलें तर सर्व भार प्रथम त्याच्या मानेवर येण्याची धास्ती असे. वीस हजार फुटांच्या आसपास, उघड्या बैठकींत, हाडें गोठविणाऱ्या थंडींत हे लोक पहारा करीत. आणखी एक गोष्ट ऐकून वाचकांस आश्चर्य वाटेल : त्या काळच्या ब्रिटिश वैमानिकांस हवाई छत्री देत नसत. फुग्यांत बसून टेहळणी करणारांस ती मिळे, विमानांत बसणारांस नाहीं. विमान पेटलें तर त्यासह खालीं येणें, एवढाच मार्ग. याचीं जीं कारणें सांगितलीं जातात त्यांतील एकही प्रस्तुत लेखकास पटलेलें नाहीं.

अशा एकट्या योद्ध्याचें काम काय, असें कोणी विचारील. शत्रूशीं द्वंद्व खेळणें हा त्याचा केवळ पराक्रम नव्हे; खरें प्रयोजन निराळें होतें. खालून दोन आसनांचीं जड विमानें जात. तीं फोटो घेत, तोफांस नेम सांगत, किंवा रेल्वेस्थानकांवर बाँब टाकीत. पुढें चालक व मागें निरीक्षक, आणि निरीक्षकाच्या हातीं एक बंदूक. निजामानें दिलेल्या पैशांतून उभारलेली ११० वी ‘हैदराबाद’ तुकडी याच जातीची. ती १९१८ च्या अखेरीस जर्मन शहरांवर बाँब टाकावयास जाई व तिचीं कित्येक विमानें परत आलीं नाहींत. या जड विमानांस आकाश मोकळें राहावें म्हणून वरचा पहारा.

पुढल्या महायुद्धांत बाँबफेक्या विमानाचें रूप पार बदललें. लँकेस्टर विमानांत सात माणसें असत : चालक, इंजिनवाला, मार्गदर्शक, बाँब सोडणारा, बिनतारी यंत्रवाला व दोन बंदूकवाले. ब्रिटनच्या बाँबर दळांत सुमारें १,२५,००० जणांनीं आकाशांत काम केलें, त्यांतील ५५,५७३ मेले. आपल्या हिंदी हवाई दळाच्या ७ व्या व ८ व्या तुकड्या तेव्हां ब्रह्मदेशाच्या आघाडीवर ‘व्हेंजन्स’ विमानें घेऊन उंचावरून सरळ खालीं सूर मारीत. त्यांत दोघे असत, एकमेकांकडे पाठ करून बसलेले. परंतु हें दळच मुळीं ८ ऑक्टोबर १९३२ रोजीं स्थापन झालें; वेलिणकरांच्या वेळीं तें स्वप्नांतही नव्हतें.

असो. २७ जून १९१८ रोजीं वेलिणकर पहाऱ्यावर गेले ते परतले नाहींत. अशा वेळीं तुकडीच्या वहींत एकच शब्द लिहीत : बेपत्ता. हा शब्द घरच्यांस मृत्यूहून कठीण. मृत्यूची वार्ता आली तर निदान सुतक धरतां येतें, क्रियाकर्म करतां येतें; बेपत्ता म्हटल्यावर आईनें कुंकवाकडे पाहून सुनेस काय सांगावें, बापानें कोणत्या दाराकडे डोळे लावावे? जिनीव्हा येथें रेडक्रॉसची एक कचेरी होती. दोन्हीं बाजूंच्या कैद्यांच्या व मृतांच्या याद्या तेथें येत आणि नांवाचा कागद नांवाशीं जुळवून घरोघर उत्तरें जात. सर्व भिस्त नांवावर.

आणि नेमका येथेंच घोटाळा झाला. वेलिणकर जखमी होऊन जर्मनांच्या हातीं सांपडले होते व ३० जून रोजीं त्यांचा अंत झाला होता. जर्मनांनीं त्यांस रीतसर पुरलें. परंतु मराठी आडनांव परकी लेखणींतून उतरतां उतरतां इतकें बिघडलें कीं खुणेवरील नांव कोणाचें तें ओळखूं येईना. युद्ध थांबलें, तह झाला, तरी शोध चालूच राहिला. पत्रव्यवहार होऊन त्या कबरेंतील वैमानिक तो हाच, असें ठरावयास १९२१ साल उजाडलें.

युद्धांतील कबरांची व्यवस्था पाहणारें मंडळ १९१७ सालीं निघालें. हुद्दा, जात, धर्म यांवरून मृतांत भेद करावयाचा नाहीं, सर्वांस सारखाच दगड, हें त्याचें तत्त्व. वेलिणकरांच्या बाबतींत तें पाळलें गेलें. परंतु सर्वत्र पाळलें गेलें असें म्हणणें सत्यास सोडून होईल. मेसापोटेमियांत आपल्या मराठा पलटणींनीं अपार हाल सोसले. तेथील बसऱ्याच्या स्मारकावर गोऱ्यांचीं व हिंदी अधिकाऱ्यांचीं नांवें कोरलीं, आणि साध्या हिंदी शिपायांची मात्र पलटणवार नुसती संख्या. त्या मंडळानें स्वतःच २०२१ सालीं आपल्या अहवालांत ही विषमता मान्य केली. एकाचें नांव शोधण्यासाठीं तीन वर्षें पत्रें चालतात, आणि दुसऱ्याचें ठाऊक असूनही कोरलें जात नाहीं, या दोन गोष्टी एकाच राज्यांत, एकाच वेळीं घडल्या.

ज्यांना असे दगड प्रत्यक्ष पाहावयाचे असतील त्यांस फार लांब जावें लागणार नाहीं. पुण्यास खडकी येथें याच मंडळाची दफनभूमि आहे. तींत दुसऱ्या महायुद्धांतील १,६०० हून अधिक कबरा आहेत. वेलिणकरांचा दगड मात्र उत्तर फ्रान्सांत, आमिएं शहराच्या आग्नेयेस हांगार नांवाच्या खेड्याजवळच्या दफनभूमींत आहे. भोंवतालीं शेतें आहेत. दगडावरील नांव आतां बरोबर आहे.