दलालीविना समभागखरेदी

मुंबईच्या शेअर दलालांची संघटना १८७५ साली स्थापन झाली. तेव्हापासून शंभराहून अधिक वर्षे सामान्य माणसाला समभाग घ्यावयाचा तर दलालाच्या पेढीची पायरी चढावी लागे. दलाल आपली दलाली घेई आणि सोबत बरावाईट सल्लाही देई. १९९४ साली राष्ट्रीय शेअर बाजारात संगणकाच्या पडद्यावर समभागांचे व्यवहार होऊ लागले, १९९६ च्या कायद्याने कागदी भागपत्रांच्या जागी डिमॅट खात्यातील नोंद आली आणि २०१५ नंतर काही दलालांनी समभाग विकत घेऊन स्वतःजवळ ठेवणाऱ्या ग्राहकाची दलाली पूर्णपणे माफ केली. दलालीबरोबर सल्लाही गेला. आता निर्णय सर्वस्वी ग्राहकाचा आहे.

प्रारंभ करणे कठीण नाही. प्राप्तिकर खात्याचे पॅन, आधार आणि बँकेतील खाते यांच्या बळावर डिमॅट व व्यवहार अशी दोन्ही खाती घरबसल्या उघडता येतात. मात्र दलाल 'सेबी'कडे नोंदलेला आहे की नाही, हे सेबीच्याच यादीत पाहून घ्यावे.

परंतु दलाली नाही म्हणजे खर्च नाही, असे मात्र नव्हे. समजा, कोणी दहा हजार रुपयांचे समभाग घेतले आणि पुढे त्याच भावाने विकले. रोखे व्यवहार कर शेकडा ०.१ या दराने खरेदीवर दहा व विक्रीवर दहा रुपये होतो. खरेदीवर मुद्रांक शुल्क दीड रुपया. विक्रीच्या वेळी डिमॅट खात्यातून समभाग काढण्याचा आकार बहुधा पंधरा-वीस रुपये असतो, शिवाय बाजाराचे शुल्क व वस्तू-सेवा कर यांचे किरकोळ पैसे. एकूण चाळीस रुपयांच्या आसपास. ही रक्कम क्षुल्लक वाटते. पण हाच फेरा दरमहा केला तर वर्षाकाठी भांडवलाचे जवळजवळ पाच टक्के नफ्यातोट्याचा विचार होण्यापूर्वीच खर्ची पडतात. त्यातही समभाग काढण्याचा आकार विक्रीच्या रकमेनुसार बदलत नाही. हजार रुपयांच्या विक्रीलाही तो तेवढाच पडतो. म्हणून अल्प भांडवलाच्या माणसाने क्वचितच विकावे.

मग दलालाचे पोट कशावर चालते? मुख्यतः एकाच दिवसात घेऊन विकण्याचे व्यवहार, वायदे आणि 'ऑप्शन' यांवर. तेथे प्रत्येक सौद्यामागे आकार असतो. उसन्या पैशांवरील व्याज ही आणखी एक मिळकत. विनामूल्य दारातून आत आलेल्या नवख्याचे पाऊल या बाजूस वळावे, यातच दलालाचा लाभ आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये सेबीने प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत समभागांच्या वायदे-ऑप्शनमध्ये उतरलेल्या दर शंभर व्यक्तींपैकी ९३ जणांना तोटा झाला आणि त्यांचा एकत्रित तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक होता. पूर्वीची दलाली जाचक होती खरी, पण ती हातही आवरून धरीत असे.

खरेदीची आज्ञा देताना 'बाजारभावाने' न म्हणता आपण देऊ इच्छितो तो कमाल भाव नमूद करावा. ज्या समभागांची उलाढाल थोडी असते, तेथे हे विशेष अगत्याचे. विकत घेतलेले समभाग पुढील कामाच्या दिवशी खात्यात जमा होतात. ते जमा झाल्याचे दलालाच्या ॲपमध्ये पाहून थांबू नये; डिपॉझिटरीकडून स्वतंत्रपणे येणाऱ्या विवरणाशी ताडून पाहावे, आणि वारसनोंद त्याच सुमारास करून घ्यावी.